जावयाची पाती

मी चिडका आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी कुणावर खेकसलो तर दचकायला नको. अठरा वर्षं रांजणगावात मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की शिव्या मेंटेनन्सवाल्याला आणि चालू झालं की शाबासकी ऑपरेटरला. अशानं माणसाचं डोकं थंड राहील कसं? बायको म्हणते, तुमचा फ्यूज फारच कमी अँपिअरचा आहे. माझ्यासोबत राहून तीही आता असलंच बोलायला शिकली आहे.

पण जगात एक माणूस असा आहे, ज्याच्यावर मला कधी चिडता आलं नाही. माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. आम्ही शिरूर तालुक्यात, ते भीमेच्या पलीकडं दौंड तालुक्यात, खुटबावच्या पुढं एका वस्तीवर. दोन्ही घरं मूळची मेंढरांची. आमच्याकडची मेंढरं आजोबांनी विकली, वडिलांनी विहीर पाडली आणि मी आयटीआय करून कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसलो. मामांनी मात्र ऊस-कांदा करता करता पन्नासेक मेंढरं राखलीच. कशाला हा व्याप, असं विचारलं की म्हणायचे, "मंग दिसभर करू काय, पाव्हणं? टीव्ही बगू?"

पावसाळ्याचे चार महिने ही मेंढरं खाली काळ्या रानात ठेवता येत नाहीत, चिखलानं खूर सडतात. म्हणून मामा ती वर माळावर नेतात. तिथं मुरूम आहे, पाणी ठरत नाही. जाळीचा वाडा, शेजारी पत्र्याचं खोपट आणि त्यात मामा-मामी. वीज खाली घरापर्यंत आलेली आहे, पण वर एक खांब नाही. माळाच्या तिन्ही अंगांना ऊस, आणि उसात बिबट्या. आमच्याकडं आता ह्याचं कुणाला नवल राहिलेलं नाही. पोरं घोळक्यानं शाळेत जातात, कुत्री साखळीसकट गेलेली आहेत. उजेड असला की तो सहसा जवळ येत नाही, असं सगळे म्हणतात. खरं-खोटं बिबट्याला माहीत, पण उजेडानं माणसाला धीर येतो एवढं नक्की.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात बिबट्यानं वाड्यातनं एक कोकरू नेलं आणि मामा नुसती काठी घेऊन त्याच्या मागं पळाले. सत्तरीचा माणूस! माझा मेहुणा कुरकुंभला केमिकलच्या कंपनीत आहे, शिफ्टवाला. त्याला हे कळलं तेव्हा तो बापापुढं उभा राहून म्हणाला, "दादा, एक तर वाड्याच्या चारी कोपऱ्यांना पार उजाडंस्तवर दिवं पायजेत, न्हाईतर मेंढरं इकायची. तुमाला बिबट्याच्या तोंडी द्यायला मी बसलो न्हाई." मामा "व्हय" म्हणाले. मामांनी शब्द दिला म्हणजे दिला. त्यांना दोनदा विचारायची कुणाची टाप नाही.

आता उजेड आणायचा कुठनं? सोलरचे दिवे लावून झाले होते. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं, मध्यरात्र झाली की दिवे माना टाकायचे. पण माळावर वारा असा की टोपी धरून बोलावं लागतं. म्हटलं, मामा, वाऱ्यावर करू. कल्पना माझीच होती, हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. आताही सांगतो, पण जरा हळू.

भंगारवाल्याकडं मला बॅटरीवरच्या स्कूटरच्या दोन मोटारी मिळाल्या. ही मोटर चाकाच्या पोटातच असते. तिला वीज दिली की चाक फिरतं, आणि आपण चाक फिरवलं की तीच वीज देते. दोन्ही मोटारी एका मापाच्या, एका कंपनीच्या. एक आमच्या गच्चीवर, प्रयोग म्हणून. दुसरी मामांच्या माळावर, मेंढरांसाठी. ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या, डायोड, वायरी आणि दोन छोटे मीटर आणले. दिवसाकाठी किती वीज जमली ते वॅट-तासांत दाखवणारे मीटर. मामांना समजावलं, की रोज सकाळी आठला आकडा बघायचा, मला फोनवर सांगायचा आणि बटण दाबून शून्य करायचा.

"म्हंजी धार काढायची," मामा म्हणाले.

"बरोबर. गाय किती दूध देते ते लिहून ठेवायचं."

पाती मात्र ज्यानं त्यानं आपापली केली. मी मोबाईलवर बघून सहा इंची पीव्हीसी पाईप चिरला, ग्राइंडरनं कडा मारल्या आणि एका दुपारी तीन पाती मोकळी. मामांनी पांगाऱ्याचं वाळलेलं खोड काढलं. पांगारा हलका असतो. सुताराच्या वाकसानं तासायचं, फुटक्या काचेनं घासायचं, जवसाचं तेल पाजायचं, असं चैत्र-वैशाख दोन महिने चाललं. वाकस मारून मारून त्यांचा उजवा खांदा भरून आला, वर जाईना. मामी विटेनं शेकायच्या आणि बडबडायच्या. तरी तिसरं पातं त्यांनी पुरं केलंच. कागद नाही, माप नाही, नुसती नजर आणि अंगठा. मी ती पाती बघितली आणि मनात हसलो. हो, हसलो, खोटं कशाला बोलू? आयटीआयचं सर्टिफिकेट भिंतीला लावलेला माणूस मी.

ज्येष्ठात दोन्ही चक्क्या उभ्या राहिल्या. मामी त्यांच्या चक्कीला भिंगरी म्हणायच्या. रोज सकाळी आठला फोन यायचा.

"तुमचं किती, पाव्हणं?"

"दोनशे दहा."

"हां. माजं एकशे नव्वद."

दुसऱ्या दिवशी माझं एकशे साठ, मामांचं एकशे पन्नास. तिसऱ्या दिवशी माझं दोनशे तीस, मामांचं दोनशे पंधरा. रोज मी पुढं, मामा जरासे मागं. मी हे सगळं डायरीत लिहून ठेवायचो. एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, की हा माणूस रोज आधी माझा आकडा का विचारतो!

कँटीनमध्ये तर मी आकडे सांगत सुटलो होतो. आमच्याकडं बिहारचा एक वेल्डर आहे, वयस्कर, कमी बोलणारा. तो म्हणाला, "उस्ताद, ससुर को हराते नहीं." मी त्याला म्हटलं, अरे बाबा, ही कुस्ती नाही, सायन्स आहे. तो आपला पोळीत भाजी गुंडाळून खात राहिला.

माझं सायन्स असं होतं: माझी गच्ची चारी बाजूंनी घरांनी दाबलेली, मामांचा माळ उघडा. मोटारी सारख्याच. तरी माझी वीज जास्त. म्हणजे मामांची पाती बाद! कसं बिनतोड! आता ह्यातलं गाढवपण सांगतो. मामांच्या वाड्याला चार दिवे होते, दहा-दहा वॅटचे. रात्रीचे अकरा तास. चाळीस गुणिले अकरा, चारशे चाळीस. हे गणित शाळकरी पोरगंही करील. एकशे नव्वदमध्ये चार दिवे उजाडेपर्यंत जळूच शकत नाहीत. आणि मामी फोनवर सांगत होत्या, "पार पांढरं फुटस्तवर दिवं जळत्यात." मला वाटायचं, जावयाचं मन राखायला म्हणत असतील. आपली पाठ थोपटण्यात हात गुंतले की आकडेमोडीला हात कुठला राहतो?

तर आषाढ लागता लागता, एका गुरुवारच्या सुट्टीला, पाईपची तीन नवी पाती पोत्यात बांधली, गाडीला लावली आणि भर पावसात निघालो. न्हावरा, पारगावचा पूल, केडगाव. दोनदा पोतं सुटलं, दोनदा बांधलं. माळावर पोचलो तर मामा बाजेवरनं उठून उभे. त्यांच्या घरात जावई आला की कुणी बाजेवर बसून राहत नाही, आणि जावई जेवल्याशिवाय कुणी जेवत नाही. मला लग्नापासून ह्याचा संकोच वाटतो. पण त्या दिवशी तो मान मला माझ्या पात्यांचा वाटला.

"मामा, तुमची लाकडं उतरवू. ही लावली की बघा वीज कशी वाढते."

मामांनी एकदा वर बघितलं. भिंगरी वाऱ्यात फिरत होती, आवाजसुद्धा नाही.

"तुमी म्हणताय तर तसंच आसंल," ते म्हणाले.

आम्ही खांब आडवा केला, लाकडी पाती काढली. माझी पाती बसवताना बोल्टाशी फट राहायला लागली. पाचर मारायला लाकूड पाहिजे होतं. मी इकडं तिकडं बघितलं आणि खाली ठेवलेलं एक पांगाऱ्याचं पातं उचललं.

"हे आता कामाचं नाही ना, मामा?"

"न्हाई," मामा म्हणाले. "घ्या की."

मी करवत लावली. पातं हलायला लागलं, तर मामांनी डाव्या हातानं त्याचं दुसरं टोक धरलं. ज्या पात्यावर दोन महिने काच फिरवली तेच धरून ठेवलं, मला नीट कापता यावं म्हणून. मामी चुलीपुढनं उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, धूर लागला असेल. आजही ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मीच फोन लावला.

"मामा, किती?"

"लई वाढलं, पाव्हणं!" मामा म्हणाले. "तीनशे साठ!"

मी गच्चीवर उडीच मारली. तिथनं पुढं रोज तेच. तीनशे पन्नास, तीनशे ऐंशी. तुमच्या पात्यांची कमाल हाय, पाव्हणं. मी डायरीत आकड्यांखाली लाल रेघ ओढायचो. वेल्डरलाही दाखवलं. तो "अच्छा है" म्हणाला आणि माझ्याकडं बघत राहिला.

असे पंधरा-सोळा दिवस गेले. एका सोमवारी फर्स्ट शिफ्ट करून घरी आलो तर बायको दारातच उभी. चेहरा लालबुंद. पायातले बूट काढू दिले नाहीत.

"तुमच्या पात्यांपायी माझ्या बापाची मेंढरं चाललीत," ती म्हणाली.

मामी फोनवर रडल्या होत्या. त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं. मी पाती बदलल्यापासून दिवे रात्री अडीच-तीनलाच विझत होते. मामांनी कुणाला सांगितलं नाही. दिवे गेले की घोंगडी घेऊन, हातबॅटरी आणि काठी घेऊन वाड्याशी जाऊन बसायचे, उजाडेपर्यंत. पंधरा रात्री, पावसात. दिवसा पुन्हा मेंढरांमागं. अंगात ताप होता, तो मामीपासूनही लपवला. शनिवारी मेहुण्याच्या प्लँटमध्ये काहीतरी बंद पडलं आणि नाइट शिफ्टवाल्यांना पहाटे तीनलाच घरी सोडलं. त्याला रस्त्यावरनंच माळ काळामिट्ट दिसला. वर जाऊन बघतो तर बाप चिंब भिजलेला, मेंढरांना पाठ लावून बसलेला.

"दिवं का गेलं?" त्यानं विचारलं.

"वारा पडलाय," मामा म्हणाले.

वारा पडलाय! आषाढात! खोपटाचे पत्रे दगड ठेवून धरावे लागत होते तेव्हा! मेहुण्यानं वाद घातला नाही. येत्या रविवारी सकाळी टेम्पो घेऊन यायला व्यापाऱ्याला सांगून टाकलं. मामा त्यालाही "व्हय" म्हणाले. शब्द दिलेला होता.

"अगं पण रोज तीनशे साठ, तीनशे ऐंशी..." मी डायरी काढली.

"ठेवा ती डायरी! माझा बाप तुम्हाला वाईट म्हणंल व्हय? जन्मात म्हणणार न्हाई तो!"

मी सुपरवायझरला फोन करून आठवड्याची रजा सांगितली, मागितली नाही. आणि गाडीला किक मारली.

माळावर पोचलो तेव्हा मामा मेंढरं घेऊन खाली गेले होते. मामी चहा ठेवायला लागल्या. मी म्हटलं, "मामी, चहा राहू द्या. मामा आकडे कुठं लिहितात?" त्यांनी नुसतं पत्र्याला टांगलेल्या कॅलेंडरकडं बघितलं. मी ते उतरवलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं एक आकडा. मामांना अक्षर फार येत नाही, पण आकडे सुबक काढतात. मी माझी डायरी शेजारी उघडली.

ज्या दिवशी माझे दोनशे दहा होते आणि मामांनी एकशे नव्वद सांगितले होते, त्या चौकोनात लिहिलं होतं पाचशे चाळीस. एकशे पन्नासच्या दिवशी चारशे सत्तर. दोनशे पंधराच्या दिवशी पाचशे नव्वद. त्यांची पाती रोज माझ्या दुपटीच्या वर वीज देत होती. मी गेलो त्या गुरुवारनंतर आकडे एकदम पडलेले. दोनशे ऐंशी. तीनशे. दोनशे साठ. आणि माझ्या डायरीत त्याच तारखांना लाल रेघेवर मामांचे तीनशे साठ, तीनशे ऐंशी. मी जिंकावं म्हणून आधी कमी सांगत होते, आणि मी दिलेली पाती चांगली ठरावीत म्हणून नंतर जास्त.

मामा आले. मला बघून चालता चालताच टोपी नीट केली. "कवा आलात, पाव्हणं? बसा की." आणि मी ओरडलो. लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो.

"मामा, खोटं का बोललात मला?"

ते खाली बघायला लागले. चोरी पकडली गेल्यासारखं तोंड केलं.

"खोटं कुटं, पाव्हणं... जावयाला हारवून मी कंचं राज्य मिळवणार हुतो?"

"आणि नंतर? दिवे विझत होते तेव्हा? तेव्हा तरी सांगायचं!"

"तुमी पावसात एवढ्या लांबनं आणली हुती," मामा म्हणाले. "ती कमी पडली म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?"

मी बाजेवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. मामा गडबडून गेले. जावई रडतोय हे त्यांना बिबट्यापेक्षा अवघड गेलं असावं. मामींना हाक मारून म्हणाले, "आगं, पाणी आण. पाव्हण्यांना प्रवासाचं ऊन लागलंय." बाहेर पाऊस पडत होता.

संध्याकाळी मेहुणा आला. मी त्याला सगळं सांगितलं, कॅलेंडर दाखवलं. त्याला वाचून कळलं, चेहऱ्यावर दिसलं मला. तरी तो म्हणतो कसा, "जाऊ द्या दाजी, तुमची काय चूक? वाराच पडलाय." तोही! अख्खं घर एका माळेचे मणी!

"वारा नाही पडला, माझी अक्कल पडली!" मी म्हणालो. "तुझ्या बापाची चांगली पाती मी करवतीनं कापली. मेंढरं गेली तर ती माझ्यामुळं जातील. मला रविवारपर्यंत वेळ दे."

तो बापाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "रईवारी मी फर्स्ट शिफ्टला जायच्या आदी पाचला वर यीन. चारी दिवं जळत आसले तर व्यापाऱ्याला नको म्हणून सांगीन. एक जरी इझला आसला, तर दाजी, तुमी मदी पडायचं न्हाई." मी बरं म्हटलं.

तीनातली दोन पाती शिल्लक होती. मामांनी ती गोणपाटात गुंडाळून खोपटाच्या आढ्याला बांधून ठेवली होती. तिसरं नवं करायचं होतं, त्या दोघांशी वजनाला आणि पिळाला जुळणारं. नाहीतर भिंगरी थरथरून मोडते. पांगाऱ्याच्या त्याच खोडाचा तुकडा होता. मामांचा खांदा मात्र वर जात नव्हता. वाकस मलाच मारायचा होता.

मंगळवारी बसलो. आयुष्यभर लोखंडाचं काम केलेला माणूस मी, लाकूड कसं फसवतं ते मला काय माहीत! जास्त मारलं तर ढलपी निघते, कमी मारलं तर वाकस उडतो. मामा समोर बसून होते. मी विचारायचो, "बरोबर आहे का?" ते म्हणायचे, "झकास चाललंय." बुधवारी सकाळी उठून बघतो तर पात्याचा आदल्या दिवशी खडबडीत राहिलेला भाग गुळगुळीत. मी मामींकडं बघितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मामा तापात, डाव्या हातानं, मी झोपल्यावर माझ्या चुका काचेनं घासत बसले होते.

माझा फ्यूज उडाला. वाकस खाली ठेवला.

"मामा, पाया पडतो तुमच्या. शिवी द्या, कानफडात मारा, पण चुकलं तर चुकलं म्हणा. तुम्ही बोलल्याशिवाय मी आता ह्या लाकडाला हात लावणार नाही. जाऊ द्या मेंढरं."

मामा हादरले. पात्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मामींकडं बघितलं. शेवटी पातं उचलून मांडीवर घेतलं आणि जमिनीला सांगितल्यासारखं म्हणाले,

"चुकलंय."

मामी भाकरी थापता थापता थांबल्या.

"कुठं चुकलंय, मामा?"

"बुडाला जास्त घेतलंय. टोकाला ठेवलंय. टोक हलकं पायजे. आन् पीळ... पीळ उलटा चाललाय पाव्हणं, कालपासनं उलटा चाललाय!"

आणि मग धरणाचं दार उघडलं. दोन दिवस मामा थांबले नाहीत. "नजर कुटं हाय तुमची?" "हात का लाकूड?" "ढलपी काडली! बगा, काडली ढलपी!" मी म्हटलं, "मामा, जरा दमानं," तर म्हणाले, "दम कसला? रईवार आलाय!" तापानं फणफणलेला माणूस, पण आवाज कसा खणखणीत! मामी तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकदा तर मला म्हणाले, "आयटीआयमदी हेच शिकीवलं व्हय?" इतकी चांगली बोलणी मी कधी खाल्ली नव्हती. खरं सांगतो, मला आवडत होती.

शुक्रवारी संध्याकाळी तिन्ही पाती खिळ्यावर लटकवून तोलली. माझं जरा जड. मामांनी काच माझ्या हातात दिली आणि बोट ठेवून दाखवलं, हितनं, एवढंच. घासलं. तोललं. पुन्हा घासलं. चौथ्या वेळी पाती कुठंही थांबवली तरी तिथंच राहिली. शनिवारी सकाळी तेल पाजून खांब उभा केला, मीटर शून्य केला. वारा होताच, तो काही कुठं पडला नव्हता. भिंगरी फिरायला लागली. दुपारपर्यंत मी दर दहा मिनिटांनी मीटर बघत होतो, तेव्हा मामा म्हणाले, "सारकं सारकं कासंला हात लावल्यानं दूध वाढत न्हाई, पाव्हणं." मग मी मीटरपाशी जायचं बंद केलं. पण लक्ष तिकडंच होतं. वाड्यात मेंढरं उभी होती आणि व्यापाऱ्याचा टेम्पो सकाळी आठला येणार होता.

संध्याकाळी दिवे लावले. मामा घोंगडी घ्यायला लागले, तेव्हा मामी आडव्या आल्या. मी म्हटलं, "मामा, आज मी बसतो. तुम्ही फक्त पाठ टेका, मला काही लागलं तर हाक मारतो." जावयाला नाही म्हणायची सवय अजून पुरती लागली नव्हती त्यांना, म्हणून आडवे झाले. मी दारात बसलो. बसलो म्हणतो खरा, पण पाच दिवसांचा शीण, कधी डोळा लागला कळलंच नाही.

जाग आली ती मेहुण्याच्या पावलांनी. पाच वाजले होते. तो रेनकोट घालून वाड्यापाशी उभा होता, एकेका कोपऱ्याकडं बघत. मी धडपडत उठलो. पाऊस बारीक लागलेला, आणि त्यात चारी दिवे जळत होते. चारी. खाली मेंढरं एकमेकांना चिकटून, निवांत रवंथ करत होती. मीटर बघितला, पाचशे सत्तर. मेहुण्याला दाखवला. त्यानं आकडा दोनदा वाचला, मग बाहीनं तोंड पुसलं. पावसाचं पाणी होतं का दुसरं, मी विचारलं नाही.

त्यानं खिशातनं फोन काढला, व्यापाऱ्याला लावला. रेंज कमी म्हणून नेहमीसारखा ओरडूनच बोलायला लागला, "हालो! आवो, टेम्पो नका आणू..."

खोपटातनं मामी लगबगीनं बाहेर आल्या आणि त्याच्या दंडाला धरलं. मी त्यांच्या मागं आत बघितलं. मामा कुशीवर झोपले होते, घोंगडी हनुवटीपर्यंत, तोंड जरा उघडं, बारीक घोरत.

"हळू बोल की, मुडद्या," मामी म्हणाल्या. "पंधरा-ईस दिसांनी डोळा लागलाय त्येंचा."

मेहुणा फोन कानाला तसाच धरून वाड्याच्या पार पलीकडच्या कोपऱ्याला गेला, आणि तिथल्या दिव्याखाली पावसात उभा राहून, अगदी हळू आवाजात, व्यापाऱ्याला नको म्हणाला.